सगुणने टाकलेले दोन एक्के

१

सोमवारी सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन यायच्या आधीच आमच्या अख्ख्या वाड्याने तो व्हिडिओ पाहिला होता. त्यात दिसतं ते एवढंच: मंडळाच्या हॉलमधलं हिरवं कापड घातलेलं टेबल, त्यावर सगुण परबाचे दोन हात, आणि त्या हातांनी कडेला जरासे उचलून पाहिलेले दोन पत्ते. इस्पिकचा एक्का आणि बदामचा एक्का. समोरून वाड्यातल्याच प्रशांतचा आवाज येतो, "ऑल-इन." सगुण दोन्ही पत्ते पालथे करतो आणि वाटणाऱ्या मुलीकडे सरकवून देतो.

पत्ते न खेळणाऱ्याला यात काही वावगं दिसणार नाही. मी मात्र तो पाहिला आणि हातातला चहा तसाच राहिला. पोकरमध्ये सुरुवातीला प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, आणि त्यांत दोन एक्क्यांपेक्षा मोठं काही नसतं. त्यातून ते स्पर्धेच्या शेवटी आले तर विचारायलाच नको. शेवटी शेवटी सक्तीने लावायच्या चिप्स वाढत जातात, चांगला हात पुन्हा येईल याचा भरवसा नसतो. म्हणून मोठे पत्ते आले की त्यांचा रस थेंबाथेंबाने पिळून घ्यायचा, हे मला सगुणनेच शिकवलेलं. तिघेच खेळाडू उरलेत, प्रशांतने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्यात, सगुणकडे त्याच्याहून जास्त आहेत, आणि हा गृहस्थ दोन एक्के टाकून देतो. पुढे थोड्याच वेळात तिरी आणि अठ्ठी घेऊन स्वतःच्या सगळ्या चिप्स लावतो आणि बाहेर पडतो.

सगुण माझा चुलत भाऊ. हायवेवर त्याचं टायरचं दुकान. आदल्या दोन्ही चवथींना, म्हणजे गणेशचतुर्थीला, ही स्पर्धा त्यानेच जिंकलेली. मी भिकाजी परब, वीज खात्यातून निवृत्त, मंडळाचा सचिव, म्हणजे खुर्च्या मोजून परत देणारा माणूस. स्पर्धेत पैशाचा व्यवहार नाही. आत यायला प्रत्येकाने एक नारळ द्यायचा, आणि पहिला येईल त्याच्या नावाने चांदीची समई. ती त्याने त्याच संध्याकाळी गणपतीसमोर आपल्या हाताने पेटवायची, मग आरती. एवढंच बक्षीस, पण त्या मानासाठी माणसं डिचोलीहून येतात.

रविवारी ती समई प्रशांतने पेटवली. आणि त्या दोन एक्क्यांच्या वेळी पत्ते वाटत होती रेश्मा गावस, जिचं प्रशांतशी लग्न ठरलेलं आहे.

हायवेवरचा किराणावाला जयराम दुसरा आला होता. सकाळीच तो माझ्या अंगणात उभा राहिला. "भिकाजी, हां उघड आसा. हिणां वाटले, तेणां टाकले, आणि तिच्या घोवान दिवो लावलो."

"अजून घोव नाय तो," मी म्हटलं.

"व्हतलो मरे."

हे इथवर असतं तर चवथीचं भांडण म्हणून दसऱ्यापर्यंत मिटलं असतं. पण जयरामच्या मागे संदीप उभा होता. संदीप पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर सुपरवायझर, आणि रेश्मा त्याच बोटीवर डीलर. आमची हौशी स्पर्धा नीट व्हावी म्हणून तोच तिला घेऊन आला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, माका बरां वाटणा नाय. पण दुपारी मी ड्युटीक जातंय. हां माका कळलां आणि मी गप रवलंय, तर माझीच नोकरी जातली. माका सांगूचां पडतलां."

डीलरवर असा डाग लागला की त्या बोटीवरच काय, कुठल्याच बोटीवर तिला उभं करत नाहीत. रेश्मा साखळीची. खाणी बंद पडल्या त्याचं ते दुसरं वर्ष. तिच्या बापाचा ट्रक ताडपत्रीखाली घराशेजारी उभा होता आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. हे संदीपला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, म्हणूनच तो माझ्याकडे न बघता बोलत होता.

"दुपारपर्यंत थांब," माझ्या मागून आवाज आला. "तोपर्यंत कोणाक फोन करू नको."

२

हा आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा. कमलाक्षी. आम्ही तिला अक्का म्हणतो. डिचोलीला दिलेली, पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालेली, आणि चवथीला माहेरी आलेली. तिला पत्त्यांतलं काही म्हणजे काही कळत नाही. इस्पिकला ती काळं पान म्हणते. माझी बायको देवकी खतखत्याच्या भाज्या चिरत होती आणि अक्का तिच्याशेजारी बसून कणसाचे दाणे सोडवत होती. तिथूनच तिने सगळं ऐकलं होतं.

रेश्मा रात्री आमच्याकडेच राहिली होती. अक्काने तिला पडवीत बसवलं. पोरगी रडत नव्हती. पाठ ताठ ठेवून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून बसली होती. बोटीवर डीलर टेबल सोडताना असेच रिकामे हात दाखवतात, असं मागाहून कळलं.

"तू कायव केलंस?"

"नाय."

"सगुणाक पत्ते दाखवलंस? खूण केलंस?"

"पत्ते पालथे वाटतंत, अक्का. माकाच दिसणत नाय, तर खूण कसली करू?"

"जयराम म्हणता, काल जेवणाच्या सुटीत तू आणि सगुण हॉलाच्या पाठीमागे होतास. तुझ्या पिशवीत ओलो टॉवेल गावलो."

रेश्मा म्हणाली, "टॉवेल माझो. सगुणकाकांक दिलेलंय. कित्याक, तां माका इचारू नका. सांगणार नाय म्हणान मी तेंका शब्द दिलंय."

"नोकरी जायत."

"ठाऊक आसा."

मला राग आला. मी म्हटलं, बाय माझे, तुझी नोकरी पणाला लागलीय आणि तू शब्द कसले पाळतेस. अक्काने मात्र तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "नको सांगू. माका फक्त एक सांग, सगुणान तुका कारण सांगलां?"

"नाय. म्हणालो, कोणाक बोलू नको, बाय. तेंचे डोळे तांबडे झालेले. मी म्हटलां, काय तरी दुखता आसतलां. दुखणाऱ्या माणसाक परत परत काय इचारतलंय?"

अक्का उठली आणि चपला घालू लागली. मला म्हणाली, "चल. जयरामाकडे."

३

वाटेत आनंदीकाकीचं घर लागतं. आमच्या परबांचा गणपती एकच, आणि तो पाळीपाळीने एकेका घरी बसतो. यंदाची पाळी आनंदीकाकीची. तिने त्यासाठी नव्या स्लॅबच्या घराला रंग देऊन घेतला होता आणि देवाच्या वर टांगायच्या माटोळीची फळं स्वतः निवडून आणली होती. तिचा एकुलता मुलगा रघुनाथ बोटीवर खलाशी, कॅसिनोच्या नव्हे, खऱ्या समुद्रातल्या. लग्न केलं नाही. चवथीत कुठल्याही समुद्रात असला तरी दिवेलागणीला फोन करायचा आणि फोनवरून आरती ऐकायचा.

काकी बाहेर सोप्यावर बसली होती. आत देवासमोर भावकीतल्या सुना-नातवंडांची ये-जा, आणि जिच्या घरचा गणपती ती बाहेर.

"आत बस मगे, काकी," मी म्हटलं.

"हात कापतंत रे. नैवेद्य देवकीन आणि तुझ्या सायलीन केल्यान तर देवाक काय कमी पडता? हय वारो बरो."

"रघूचो फोन इलो काल?"

"नाय. शनवारीव नाय. भर दर्यात रेंज खंय गावता," ती म्हणाली आणि अक्काला विचारलं, "पाव घेतलात?"

अक्का तिच्याजवळ जराशी जास्तच थांबली. मला घाई झाली होती.

जयरामने आम्हाला बसायला पोतं झटकून दिलं. माणूस तोंडाचा फाटका पण मनाचा वाईट नाही. त्याने जे पाहिलं ते असं: जेवणाच्या सुटीत सगुण हॉलबाहेर फोनवर बोलत होता. बोलणं संपल्यावरही फोन कानालाच लावून उभा होता. मग हॉलच्या पाठीमागे, आनंदीकाकीच्या परसातल्या बावीकडे, म्हणजे विहिरीकडे, गेला. त्याच्या मागून रेश्मा पाणी आणायला गेली. ती परत आली, आणि बऱ्याच वेळाने तो आला.

"फोन प्रशांताचोच आसतलो. 'तुका इतके देतंय' म्हणान."

"प्रशांत तेव्हा खंय होतो?" अक्काने विचारलं.

"जेवणाच्या पंगतीत."

"फोनावर बोलत?"

जयरामने डोकं खाजवलं. "नाय. तो भात वाढत होतो."

"बरां. आणखी काय दिसलां?"

"सांजच्या आरतीक सगुण आत येवकच नाय. गेटीकडे उभो. प्रसादाची नेवरी मी माझ्या हातान देवक गेलंय, तर हात मागे घेतल्यान. म्हणालो, साखर वाढल्या." जयराम कडवट हसला. "पाप खाता तेका."

बाहेर पडताना अक्काने त्याला विचारलं, "जयराम, तुका ती समई इतकी कित्याक व्हयी होती?"

तो एकदम मवाळ झाला. "गौरवी बाळंतपणाक इलीहा. पैल्या खेपेक पोर रवलां नाय. यंदा म्हटलां, बापाशीन दिवो लावलो तर..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि उगाच तराजू पुसू लागला.

मला त्याचा राग करता येईना. उलट सगुणचाच यायला लागला. दोन एक्के खेळला असता तर प्रशांत बहुधा तिथेच बाहेर गेला असता, आणि यातलं काहीच झालं नसतं.

४

सायली माझी मुलगी. तिने स्पर्धेचं चित्रण सगुणच्या खांद्यामागून केलं होतं, सगुणच्याच परवानगीने, कारण तिला त्याच्याकडून खेळ शिकायचा होता. फक्त तो एक तुकडा तिने मैत्रिणीला पाठवला आणि तिथून तो सुटला. आता ती तोंड लपवून होती. अक्का म्हणाली, "रडान काय होवचां नाय. सगळां दाखव."

आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. अक्काने हुकूम सोडला, "हातात मोठां काय इलां की सांगा. नायतर गप रवा."

जेवणाआधीचा सगुण म्हणजे मेजवानी होती. चांगले पत्ते आले की थोड्या चिप्स लावायचा, समोरच्याला वाटू द्यायचं की आपण पुढे आहोत, आणि शेवटी सगळं ओढून घ्यायचं. दुपारपर्यंत सगळ्यात मोठा ढीग त्याच्यासमोर.

मग जेवणाची सुटी, आणि मग दुसरा सगुण. सायली म्हणाली, "बाबा, दोन राजे." त्याने टाकले. मी म्हटलं, "एक्का-राजा." टाकले. पुढे दुरी आणि सत्ती आली, तर साहेबांनी भरपूर चिप्स लावल्या आणि हरले. पुन्हा दोन राण्या, पुन्हा टाकल्या. आम्ही सगळे त्या दोन एक्क्यांवर अडून बसलो होतो. सगुण तर सुटीनंतर संपूर्ण खेळ उलटा खेळत होता.

"ह्या माणसाक मोठे पत्ते इले की भिया वाटता," अक्का म्हणाली.

"मोतीबिंदू आसतलो," मी म्हटलं. "दिसलेच नसतीत."

"मग चुकून एकदा तरी बरे पत्ते ठेवल्यान असते. एकदाव ठेवूक नाय. तेका बरोबर दिसता."

"म्हणजे प्रशांताकडून..."

"प्रशांत शेवटाक उरतलो ह्यां दुपारी कोणाक ठाऊक होतां? तेव्हा टेबलार किती तरी माणसां होती. सगुण प्रशांताक देय नाय, भिका. तो सगळ्यांक देता. जो समोर येयत तेका." तिने सायलीला चित्रण मागे न्यायला सांगितलं. "शर्ट बघ."

सकाळी सगुणच्या अंगावर रेघांचा शर्ट होता. सुटीनंतर मंडळाचा पिवळा टी-शर्ट, पोटावर ताणलेला. केस चापून बसवलेले.

"आमटी सांडली आसतली," मी म्हटलं.

"केसांवर?"

मग अक्काने इतका साधा प्रश्न विचारला की मला हसूच आलं.

"तुम्ही सगळे इचारतास, तो हरलो कसो. माका सांग, जिंकलो असतो तर तेका काय करूचां पडला असतां?"

"काय करूचां? समई पेटवची. देवासमोर ठेवची. मग आरती."

अक्काचा चेहरा मी लहानपणापासून बघत आलोय. तो त्या क्षणी बदलला, आणि तो मला अजिबात आवडला नाही. तिने सायलीचा फोन बंद केला आणि तिच्या हातात दिला. मग मला म्हणाली, "भिका, जा, पाव घेऊन ये."

"घेतलेत."

"आणखी घेऊन ये."

५

मी पाव आणायला गेलो नाही. माणूस सचिव असला तरी त्याला कुतूहल असतं. मी अक्काच्या मागून सगुणच्या दुकानापर्यंत गेलो. शटर अर्धं खाली होतं आणि सगुण जुन्या टायरवर बसला होता. मला पाहून अक्काने कपाळाला आठ्या घातल्या, पण हाकललं नाही.

"सगुण, दोन एक्के दिसले होते तुका?"

"दिसले."

"मग?"

"टाकले. माझी खुशी." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भिका, रेश्माक ह्यात ओढू नका. तिणां काय एक केलेलां नाय. जो काय दोष तो माझो."

"ह्यां सांगान भागता काय?" मी भडकलो. "संदीप दुपारी जाता. कारण सांग. नायतर त्या पोरीचां अन्न तुझ्या खुशीन जातलां."

सगुणने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं. साठीकडे झुकलेला, ट्रकचं चाक एकट्याने उतरवणारा हा माणूस. आता बुटाच्या टोकाने जमिनीवरचा एक नट इकडून तिकडे ढकलत होता.

"तुका सांगूक येणा नाय," तो मला म्हणाला. "तुका तर नायच."

मला फार लागलं ते. एका ताटात जेवलेले आम्ही. मी उठलो. अक्का म्हणाली, "भिका, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभो रव. आणि कान हयसर ठेवू नको." तिच्या आवाजात पोलीस खातं होतं. मी गेलो.

पलीकडून मला एवढंच दिसलं: अक्काने खाली वाकून त्याला काहीतरी विचारलं, एकच शब्द असावा. त्याने उत्तर दिलं, तेही एका शब्दात. अक्का हळूच त्याच्या शेजारच्या टायरवर बसली. मग तिने पदराने डोळे पुसले. माझ्या बहिणीला मी त्याआधी रडताना पाहिलं होतं ते आमची आई गेली तेव्हा.

परत येताना मी विचारलं, "काय तां?"

"सांगतलंय. सांजेक. विसर्जन झाल्यावर."

"आणि संदीप?"

"तेका आत्ताच सांगतंय. तेका चलता."

"परक्याक चलता आणि माका नाय?"

"होय," ती म्हणाली. "तुका नाय."

६

संदीप बॅग घेऊन बसची वाट बघत होता. अक्काने त्याला हॉलच्या कोपऱ्यात नेलं. मी लांबून बघत होतो, दुसरं करणार काय. त्याने आधी मान हलवली, मग मान खाली घातली, मग बॅग जमिनीवर ठेवली. तसाच चालत तो आमच्या पडवीत आला. तिथे रेश्मा होती, प्रशांत होता, जयराम होता.

"रेश्मा, माका माफ कर," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "तुझ्याकडून काय चुकलेलां नाय. प्रशांताकडूनव नाय. बोटीर मी एक शब्द बोलणार नाय, आणि दुसऱ्या कोणी काढलो तर तोंड माझ्याशी आसा."

"कारण?" जयराम पुढे सरसावला. "असां कसां? कारण सांग."

"तुका मी सांगतंय," अक्का म्हणाली. "पण सांजेक. तुझो आवाज मोठो, जयराम. आज तो बारीक रवलेलो बरो."

रेश्माने कोणाला काही विचारलं नाही. ती आत जाऊन तोंड धुऊन आली आणि देवकीला विसर्जनाचं खोबरं खवून देऊ लागली. प्रशांत उगाच तिच्या आजूबाजूला ताटं उचलत होता.

संध्याकाळी गणपती निघाला. ढोल, घुमट, झांजा. मूर्ती मी आणि आमच्या भावकीतला साईश, दोघांनी उचलली. सगुणचा खांदा दर वर्षी पहिला, यंदा तो सगळ्यांच्या मागे, रस्त्याच्या कडेने, हात मागे बांधून चालत होता. कोणी हाक मारली की म्हणायचा, कमरेत भरलंय. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. मी रुसलो होतो, आणि ते त्याला कळावं अशी माझी इच्छा होती.

आनंदीकाकी दारापर्यंत आली. गणपती उंबऱ्याबाहेर पडताना तिने लांबूनच हात जोडले आणि बराच वेळ ते तसेच ठेवले.

तळ्यावर आरती झाली. नारळ फुटले, स्पर्धेचे नारळ, प्रत्येक खेळाडूने दिलेले. मूर्ती पाण्यात गेली, पाटावर तळ्याची माती घेतली. पोरं भिजून ओरडत होती. अक्काने माझं मनगट धरलं आणि मला बाजूला, पाण्याच्या कडेला नेलं.

"आता ऐक. फोन इल्यावर माणूस बावीर जाता, आंगावरच्या कपड्यांसकट डोक्यार पाणी घेता. मग प्रसादाक हात लावणा नाय. देवाच्या दारात उभो रवता, आत येणा नाय. मूर्तीक खांदो देणा नाय. आणि खेळात मोठे पत्ते इले की टाकता, कारण जिंकलो तर तेका देवासमोर दिवो लावचो पडतलो. आता तूच सांग."

मला कळलं. कळायला सकाळीच हवं होतं. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आम्ही सगळे पत्ते बघत होतो.

"सुतक," मी म्हटलं. "कोण?"

"तेच तेका इचारलंय मी. कोण, म्हणान." तिने माझा हात सोडला नाही. "रघू. शनवारी बोटीर, काळीज बंद पडून. कंपनीन सगुणाचो नंबर लावलेलो. देह येवक अजून दिवस लागतले."

मी पाण्याकडे बघत राहिलो. रघूला पोहायला मीच शिकवलं होतं, याच तळ्यात.

"कळलां तिथून सुतक," अक्का म्हणाली. "नाय कळलां तेका नाय. सगुणाक कळलां, तो एकटो विटाळलो. तेणां तोंड उघडला असतां तर तू, साईश, सगळे परब विटाळले असतास, आणि देव तिथल्या तिथे उचलूचो पडलो असतो. काकीच्या घरची पाळी, परत तिच्या हयातीत येवची नाय. आणि काकीक काय म्हणान सांगतलो, की देव कित्याक उचललो? अर्ध्यातून उठलो असतो तर तुम्हीच पाठी लागला असतास, काय झालां म्हणान. म्हणान तो बसलो, आणि हरूक बघलो. आणि नेमके तेकाच मोठे पत्ते येत गेले. मी दुसऱ्या घरची, माका तुमचां सुतक नाय. संदीप परको. म्हणान आमका चललां."

"आणि मी तेका काय काय बोललंय," मी म्हटलं.

"तेणां ऐकान घेतलां. जा, आंघोळ कर."

मी तसाच, कपड्यांसकट, पाण्यात उतरलो. डोक्यावरून पाणी घेतलं. वर आलो तेव्हा सगुण काठावर उभा होता आणि त्याच्या हातात माझ्यासाठी टॉवेल होता. मी त्याला मिठी मारली. आता चालत होतं, दोघंही सारखेच झालो होतो.

७

मग एकेका परबाला बाजूला घेऊन सांगितलं. ढोल थांबले. सगळे ओले, एका ओळीने परत निघालो. जयरामला अक्काने वाटेत सांगितलं. तो रस्त्यातच उभा राहिला, मग रेश्माजवळ जाऊन तिच्यापुढे हात जोडले, आणि नंतर आमच्याबरोबर एक शब्दही न बोलता चालत राहिला.

सगळ्यांच्या मनात एकच होतं. काकीला सांगायचं कोणी? सगुण म्हणाला, "मीच सांगतंय. माझ्याकडे ठेवलेलां तां मीच देतंय."

काकी सोप्यावरच बसली होती. मखर आत रिकामं, त्यात चांदीची समई अजून जळत होती. सगुण तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आम्ही त्याच्या मागे, अंगणात, थेंब गाळत.

काकीने आमच्या ओल्या कपड्यांवरून नजर फिरवली.

"सगळ्यांक सांगलंस?" तिने सगुणला विचारलं.

त्याने होकाराची मान हलवली.

"शनवारी फोन येवक नाय. म्हटलां रेंज नसतली. आयतवारी दुपारी खिडकीतसून बघलंय, तू बावीर शर्ट घालून डोक्यार पाणी ओततंस." ती सावकाश बोलत होती. "तेव्हाच कळलां. पण तू बोलूक नाय, म्हणान मीव बोलूक नाय. रघूक देव नीट वाटेक लागलेलो बरो वाटलो असतो. दर सांजेक आरती ऐकायचो."

सगुण तिच्या पायाशी खाली बसला. आदल्या दुपारपासून धरून ठेवलेलं सगळं त्याच्यातून बाहेर पडलं, मोठ्याने, लहान मुलासारखं. काकीने त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. तिचे हात अजिबात कापत नव्हते. मला ते तेव्हा दिसलं, आणि अक्काकडे बघितलं तर तिने फक्त मान हलवली. तिला सकाळीच दिसलं होतं.

थोड्या वेळाने काकी आम्हाला म्हणाली, "थंडीन काकडत उभे रवू नका. न्हाणीत पाण्याचां भाण तापत ठेवलंय. तुम्ही तळ्यार गेल्यार पेटवलंय. सगळ्यांक पुरात इतकां पाणी आसा."

आम्ही एकामागून एक न्हाणीकडे गेलो. भाण काठोकाठ भरलेलं होतं, आणि पाणी चांगलं कडकडीत तापलं होतं.